दैवशालाची पट्टी

परभणी,
२० ऑक्टोबर १९५८

श्रीमती शैलादेवी यांस,

काल रविवार, दिनांक १९ ऑक्टोबर, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, परभणीच्या सार्वजनिक वाचनालयात, त्रेचाळीस माणसांच्या देखत तुम्ही माझी अब्रू घेतली. वेळ अचूक आहे. भिंतीवरचे घड्याळ समोर होते आणि त्या क्षणी दुसरीकडे कुठे बघायची मला सोय नव्हती.

ग्रंथपाल आप्पाराव यांनी तीन दिवस आधी फळ्यावर लिहून ठेवले होते की आपल्या जिल्ह्याची कन्या, चुडावा स्टेशनचे पॉइंट्समन लिंबाजी यांची मुलगी, सात बोलपटांची नायिका, रविवारी रेडिओवर बोलणार. मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली, कारण मी त्या कन्येची मुख्याध्यापिका. मी इस्त्रीचे पातळ नेसून गेले होते.

मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी विचारले, ‘पडद्यावर तुम्ही गाताना दिसता, आवाज मात्र दुसऱ्या बाईंचा असतो. वाईट नाही वाटत?’ तुम्ही हसलात आणि म्हणालात, ‘मला शाळेपासूनची सवय आहे. आमच्या मोठ्या बाईंनीच सांगितलं होतं, दैवशाला, तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव. त्यांचं ते शिक्षण मला आजवर पुरलं.’

सगळे वाचनालय हसले. आप्पाराव हसले आणि माझ्याकडे लक्ष जाताच त्यांनी हसू पुसले, ते मला जास्त लागले. मागच्या बाकावरून कोणी म्हणाले, ‘बाईनं नशीब काढलं की पोरीचं.’ एकाने मला पाणी आणून दिले. मी पाणी मागितले नव्हते.

मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात अकरा वर्षे काढली. तेथील सिस्टरांनी मला सुरात गाणे, ताठ बसणे आणि खोटे न बोलणे शिकवले. परभणीच्या मुलींच्या शाळेत मी सव्वीस वर्षे नोकरी केली, निजामाच्या अमलात आणि नंतरही. तेवढ्या काळात मी कोणत्याही मुलीला ‘गाऊ नकोस’ असे म्हटलेले नाही. तुम्हाला प्रसिद्धीसाठी एखादी खाष्ट मास्तरीण हवी होती, ती तुम्ही तयार केलीत.

तुम्ही आता स्वतःच्या आवाजात पहिला अल्बम काढणार आहात, असेही मुलाखतीत कळले. ही जाहिरात माझ्या डोक्यावर उभी राहून केली नसती तर अभिनंदन केले असते.

सदर विधान खोटे असल्याचे कबूल करून तसे पत्र आप्पारावांकडे पाठवावे. ५ नोव्हेंबरपर्यंत वाट पाहीन.

पार्वतीबाई चारठाणकर
निवृत्त मुख्याध्यापिका

*

मुंबई,
१ नोव्हेंबर १९५८

ती. मोठ्या बाई यांस,
दैवशालाचा साष्टांग नमस्कार.

‘श्रीमती शैलादेवी’ वाचून वाटलं, दुसऱ्या कोणाचं पाकीट चुकून आपल्याकडे आलं. मग ‘मी पाणी मागितले नव्हते’ इथपर्यंत आले आणि ओळख पटली. ते वाक्य मी चार वेळा वाचलं. शाळा सुटल्यापासून इतकं कोणी मला रागावलं नव्हतं. इथे सगळे गोड बोलतात.

बाई, मी ते लाडानं बोलले. मुंबईत माझं लहानपण कोणाला ठाऊक नाही, त्यामुळे लाडानं बोलावं असं कोणी नाही. मुलाखतीत शाळेचं नाव निघालं आणि तुम्ही डोळ्यांसमोर आलात.

पण शब्द मागे कसे घेऊ? ते खरे आहेत. पोलीस ॲक्शनला वर्ष झालं म्हणून झेंडावंदन होतं. आदल्या दिवशी, १६ सप्टेंबर १९४९ ला, दुपारी चारच्या सुमाराला व्हरांड्यात तालीम चालली होती. तुम्ही पेटी थांबवलीत, चष्मा नाकावर खाली ओढलात आणि म्हणालात, ‘दैवशाला, उद्या कलेक्टरसाहेब येणार आहेत. तू नुसते ओठ हलव, बाळ.’ ‘बाळ’ म्हणाला होतात, तेही मला आठवतं. रेडिओवर ते सांगायचं राहिलं, त्याबद्दल मात्र माफी मागते.

आता माझं ऐका. अल्बम म्हणजे चार तबकड्या, आठ गाणी, पुठ्ठ्याच्या पुस्तकात घातलेल्या, वर माझा रंगीत फोटो. गाणी हलकीफुलकी आहेत, मेंडोलिन आणि ॲकॉर्डियनच्या साथीची. कॉलेजातल्या पोरांनी सायकलवर जाताना म्हणावीत अशी. चाली बन्सीधर मास्तरांच्या. माझ्या सातही चित्रपटांचं संगीत त्यांचंच.

दोन वेळा टेप झाली आणि दोन्ही वेळा पुसली. मास्तर पेटीवर सूर देतात, मी वर चढते आणि आवाज फाटतो. काचेपलीकडे यंत्रावर बसलेला माणूस कानांवरचं काढून ठेवतो आणि विडी पेटवतो. कंपनीनं २४ जानेवारी ही शेवटची तारीख दिली आहे. त्या दिवशीही जमलं नाही तर पडद्यामागून माझ्यासाठी गाणाऱ्या नेहमीच्या ताई आठही गाणी गातील आणि फोटो तेवढा माझा राहील.

सात चित्रपट दुसरीच्या आवाजात गेले. एकदा माझा आवाज माझ्या बापानं, दादांनी, ऐकावा, एवढंच मला हवं आहे. आमचे दादा प्रत्येक सिनेमा पाहायला पूर्ण्याला जातात आणि गाणं लागलं की खाली बघतात. मला माहीत आहे, ते विचारणार नाहीत.

सूर कसा लावायचा ते तुम्हीच शिकवलंत. काय करू, सांगा.

तुमची विद्यार्थिनी,
दैवशाला

*

परभणी,
९ नोव्हेंबर १९५८

चि. दैवशाला हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आरोप तारखेसह केलास, तेव्हा तो साक्षीदारासह तपासणे भाग होते. म्हणून धुरपदाबाईला बोलावले. शाळेची जुनी शिपाईण आहे, आणि तू चार वर्षे तिच्याच खोलीत राहून शिकलीस, तेव्हा ती तुझी बाजू घेईल हे गृहीत धरून मी प्रश्न जपून विचारला.

“धुरपदाबाई, मी या पोरीला ओठ हलव असे म्हणाले होते का?”

“म्हणले की.”

“नीट आठवून सांग.”

“आठवायचं काय त्यात? म्या तितंच झाडून काढायलते. पोरगी घरी आली आन् भाकर न खाता निजली. तुमी पेटी वाजवायलता, तुमाला कसं दिसल?”

मी तिला चहा दिला आणि परत पाठवले. तेव्हा ते वाक्य मी बोलले होते, अशी नोंद मी करते. आप्पारावांना पत्र पाठवायची गरज नाही.

परंतु त्यामागचे कारणही तू नोंदवून घे. ते वर्ष कसे होते ते तुला आठवत नसेल. शाळा महिनामहिना बंद पडत होती, मुली गावोगाव पांगल्या होत्या, निम्म्या परत आल्या नव्हत्या. आता कुठे शंभर मुली एका व्हरांड्यात उभ्या राहून गात होत्या आणि ते सुरात व्हावे अशी माझी इच्छा होती. तुझा सूर सगळ्यांना खाली ओढत होता. बेसूर मुलीला बेसूर म्हणणे हा अन्याय नाही. तसे न सांगणे हा अन्याय आहे.

तू विचारलेस म्हणून सांगते. त्या ताईंना गाऊ दे. तुला देवाने चेहरा दिला, अक्कल दिली, पाठांतर दिले. कंठ दिला नाही, तर नाही दिला. मला कंठ आहे आणि चेहरा नाही, मी कधी तक्रार केली का? दोन वेळा टेप पुसली ती यंत्रावरच्या माणसाने तुझ्यावर राग धरून पुसली नाही. अल्बम निघाला आणि चुडाव्याच्या स्टेशनावर लोक लिंबाजीसमोर हसले, तर ते तुला मुंबईत ऐकू येणार नाही. मला येथे येईल.

मिठाच्या पाण्याने गुळण्या करीत जा. फाटलेला घसा संवाद बोलायलाही चालत नाही.

तुझी
पार्वतीबाई

*

मुंबई,
१० डिसेंबर १९५८

ती. मोठ्या बाई यांस साष्टांग नमस्कार.

तुमचं म्हणणं ऐकलं. मागच्या सोमवारी मास्तरांना सांगितलं की गाणी ताईंकडूनच घ्या. ते म्हणाले, ‘शहाणी आहेस.’ मला वाटलं होतं, निदान एकदा तरी नको म्हणतील.

ताईंनी दोन दिवसांत सहा गाणी उरकली. किती सहज गातात त्या. उरलेली दोन २४ जानेवारीला होतील. काल पुठ्ठ्यासाठी माझा फोटो काढला. हातात मेंडोलिन दिलं होतं, ते मी उलटं धरलं, मग वाजवणाऱ्यानं येऊन सुलटं केलं. फोटो चांगला आला आहे म्हणतात.

धुरपदाबाईंसाठी एक लुगडं तुमच्या पत्त्यावर पाठवते आहे. त्यांच्या हाती द्याल ना? दादांना अल्बमचं काही कळवलं नव्हतं, ते बरंच झालं.

दैवशाला

*

परभणी,
२३ डिसेंबर १९५८

चि. दैवशाला,

हे पत्र बसून वाच. मीही बसून लिहिते आहे, कारण उभ्याने लिहिण्यासारखे हे नाही.

परवा दुपारी तुझे लुगडे घेऊन धुरपदाबाईकडे गेले. ती दारात जाते घेऊन हरभऱ्याची डाळ भरडत होती आणि गात होती. तिचे गाणे मी सव्वीस वर्षांत कधी ऐकले नव्हते, शाळेत ती फक्त झाडायची. मी लुगडे मांडीवर ठेवून ऐकत बसले. सूर पक्का होता. मी चुका शोधायला बसले होते हे कबूल करते, एकही सापडली नाही.

मी म्हटले, “हे तू कोठे शिकलीस?”

“शिकायला काय ती इंग्रजी हाय व्हय?” मग म्हणाली, “माजं काय घेऊन बसलाव. दैवशाला दळायला जोडीला बसायची तवा ऐकायचं व्हतं. माज्याहून लय भरीव. समदी आळी गप व्हायची.”

“ती? दैवशाला? ती सुरात गायची?”

“मंग काय जात्यावर बी नुसतं तोंड हलवायची?”

दैवशाला, मी तेथून उठले आणि तिला पीठभरल्या हातांनी शाळेत नेले. नव्या मुख्याध्यापिका सज्जन आहेत, त्यांनी पेटी उघडू दिली. मी धुरपदाबाईला म्हटले, आता गात होतीस तेच गा. ती लाजली. मी ओरडले, मग गायली. मी तिचा सूर पेटीवर शोधला. तो काळी दोनमध्ये निघाला. दैवशाला कोठून गायची असे विचारले, तर म्हणाली, “हितनंच, न्हाईतर आनिक जराशी खालून.”

त्याच पेटीवर काळी पाचच्या पट्टीला लाल शाईचा ठिपका आहे. तो माझ्या हातचा आहे, नोकरीच्या पहिल्या वर्षी दिलेला, विसरायला नको म्हणून. शाळेची प्रत्येक प्रार्थना, प्रत्येक झेंड्याचे गाणे मी त्या ठिपक्यावरून सुरू केले. तेथून काळी दोनपर्यंत बोटाने मोजत खाली आले. काळ्यापांढऱ्या मिळून सात पट्ट्या. धुरपदाबाईने विचारले, “काय मोजायलाव?” मी पुन्हा पहिल्यापासून मोजले.

काळी पाच का, असे मला कोणी विचारले असते तर मी म्हणाले असते, सुराची जागा तीच. सिस्टर तेथूनच सुरू करायच्या. आता बसून विचार केला तेव्हा ध्यानात आले की कॉन्व्हेंटात प्रार्थनेला आम्हा बारीक आवाजाच्या अठरा मुलींना निवडून घेतलेले होते. बाकीच्यांना त्या वेळी शिवणकाम असे. मी सिस्टरांची पट्टी परभणीला उचलून आणली आणि तेथे आवाजांची निवड झालेली होती हे विसरले. तू बेसूर नव्हतीस. तुला मी जेथे उभे केले तेथे तुझा आवाज पोचतच नव्हता. न पोचणाऱ्या मुलीला मी गप्प बसवले आणि वर नऊ वर्षांनी पुन्हा गप्प बसवले. पहिल्या वेळी मी घाईत होते. दुसऱ्या वेळी मला कसलीही घाई नव्हती.

मला माफ कर, असे मी लिहिणार नाही. तू लगेच करशील आणि मग विषय संपेल. तू त्या मास्तरांकडे जा आणि सांग की गाणे खाली घ्या. काळी दोन. चाल तीच ठेवावी, नुसती खाली सरकवावी. इतकेच करायचे आहे. टेप दोनदा पुसावी लागली ती याच कारणाने, यावर मी पैज लावायला तयार आहे, आणि मला पैजेची सवय नाही.

तुझी
पार्वतीबाई

*

मुंबई,
३ जानेवारी १९५९

ती. मोठ्या बाई यांस साष्टांग नमस्कार.

पत्र उशीखाली ठेवलं आहे. सात पट्ट्यांचं वाचून मी टेबलाच्या कडेवर बोटानं सात मोजत बसले. स्वयंपाकाच्या बाई येऊन विचारून गेल्या, बरं वाटत नाही का.

मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, ‘अगं, नायिकेचा आवाज वरच असतो. लोकांचा कान तसा झालाय. तू खालून गायलीस तर नायिकेची आई गातेय असं वाटेल.’ सगळे वादक हसले. मीही हसले, मला हसणं चांगलं जमतं. शिवाय पट्टी बदलायची तर क्लॅरिनेट आणि ॲकॉर्डियनवाल्यांना सगळं नव्यानं बसवावं लागतं. एका नटीच्या हौसेसाठी ते कोण करणार?

आणि बाई, खरं सांगू? मला भीती वाटते. आळी गप्प व्हायची हे धुरपदाबाई म्हणतात, पण त्या माया करतात. तुम्ही माझं गाणं कधी ऐकलेलंच नाही. तुम्ही ऐकलं ते शंभर जणींतलं, आणि तेही पोचत नव्हतं. खालूनही मी वाईटच निघाले तर? आता निदान पट्टीला दोष देता येतो.

राहू द्या. तुम्ही ते पत्र लिहिलंत, मला तेवढं पुरे.

दैवशाला

*

परभणी,
१० जानेवारी १९५९

श्री. बन्सीधर मास्तर यांस नमस्कार.

आपली माझी ओळख नाही. मी आपल्या नायिकेची शाळेतली मुख्याध्यापिका, रेडिओवर जिची नाचक्की झाली तीच.

शुक्रवार, १६ सप्टेंबर १९४९, दुपारी चार वाजता, मी या मुलीला तिच्या आवाजाबाहेरच्या पट्टीत उभे करून बेसूर ठरवले. शनिवार, २४ जानेवारी १९५९ रोजी आपण तीच चूक कंपनीच्या खर्चाने करणार आहात. मला हे कळायला नऊ वर्षे लागली. आपल्याला निदान मी आधी कळवते आहे.

नायिकेची आई गातेय असे वाटेल, असे आपण म्हणालात. आई गाते त्यात वाईट काय आहे ते मला समजले नाही. तो आवाज आपणही ऐकतच मोठे झाला असाल.

मी तिचा एकटीचा आवाज कधी ऐकलेला नाही. ती चांगली गाते अशी खात्री मी देऊ शकत नाही, आणि खोटी देणार नाही. एक गाणे, एकदा, काळी दोनमध्ये घेऊन पाहा. वाईट झाले तर मला तसे लिहून कळवा, मी ते पत्र वाचनालयाच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने लावीन. माझी नाचक्की तेथे एकदा झालेली आहे, जागा तयार आहे.

पार्वतीबाई चारठाणकर

*

मुंबई,
१८ फेब्रुवारी १९५९

ती. मोठ्या बाई,

नमस्कार मागाहून. आधी सांगते.

२४ जानेवारीला मी रेकॉर्डिंगच्या हॉलवर गेले ती ताईंच्या शेजारी बसायला, बोल वाचून दाखवायला. मास्तर आले, खिशातून एक कागद काढला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. दुसऱ्या वाक्यालाच मी ओळखलं. मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. ‘आई गाते’ हे वाक्य आलं तेव्हा मास्तर थांबले, डोळ्यांवरचा चष्मा पुसला आणि पुढचं मनात वाचलं. मग म्हणाले, ‘ह्या बाईंना मी लेखी उत्तर द्यायचं तर आधी खरंखोटं करायला हवं. काळी दोन कोण देतंय?’

ॲकॉर्डियनवाला कुरकुरला. ताई म्हणाल्या, ‘मला दुपारी दुसरीकडे गाणं आहे, तोवर हिचं घ्या.’ त्यांनी मुद्दाम म्हटलं का खरंच गाणं होतं, मला अजून कळलेलं नाही.

पहिली ओळ मी डोळे मिटून गायले. बाई, वर चढायचं नव्हतंच. जिथं पाय टाकीन तिथं जमीन होती. कडवं संपलं, मी डोळे उघडले, तर काचेपलीकडच्या माणसाची विडी हातातच विझलेली. तो म्हणाला, ‘पुन्हा एकदा, जरा मागे उभ्या राहा, आवाज यंत्रात मावत नाही.’

दोन्ही गाणी झाली. पण कंपनीचे साहेब अडले. एका अल्बममध्ये दोन आवाज चालणार नाहीत, एकतर सगळं ताईंचं ठेवा नाहीतर सगळं हिचं. मास्तर म्हणाले, ‘सगळं हिचं.’ त्यासाठी ते साहेबांशी तीन दिवस भांडले. उरलेली सहा गाणी मागच्या आठवड्यात पुन्हा घेतली, एकही टेप पुसली नाही. अल्बम पाडव्याला दुकानात येतो. पुठ्ठ्यावर ‘शैलादेवी’ आहे, पण खाली कंसात माझं खरं नाव घालायला लावलं आहे.

नमुन्याची एक तबकडी पार्सलानं पाठवते आहे, दोन्ही बाजूंना एकेक गाणं. मास्तर म्हणतात, ‘बाईंना हेच लेखी उत्तर.’ ती आधी तुम्ही ऐका. दादांनाही कळवलं आहे, तुम्ही लावाल त्या दिवशी येतील. तबकडी उन्हात ठेवू नका, वाकते.

तुमची
दैवशाला

*

परभणी,
२ मार्च १९५९

चि. दैवशाला हिस अनेक आशीर्वाद.

तबकडी सुखरूप पोचली. काल रविवारी वाचनालयात आप्पारावांच्या ग्रामोफोनवर लावली. त्रेचाळीसपेक्षा पुष्कळ जास्त माणसे होती, मी मोजली नाहीत. लिंबाजी सकाळच्या पॅसेंजरने चुडाव्याहून आले, रेल्वेचा कोट घालून. मी त्यांना पहिल्या रांगेतली माझी खुर्ची दिली. बसेनात. “बाईच्या पुढं कसं बसू?” म्हणाले. शेवटी दोघांनीही उभे राहून ऐकले.

गाणे सुरू झाले तसे ते सवयीने खाली बघायला लागले. मग मान वर केली. सबंध गाणे ते ग्रामोफोनच्या भोंग्याकडे बघत होते, कोणी माणूस बोलताना त्याच्या तोंडाकडे बघावे तसे. संपल्यावर म्हणाले, “हिच्या आईचा गळा.” नंतर म्हणाले, “आनिक एकदा लावा.” आप्पारावांनी सात वेळा लावली. संध्याकाळची पॅसेंजर सव्वापाचची. एकोणतीस वर्षे रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाची गाडी काल चुकली. रात्री आप्पारावांकडे मुक्कामाला राहिले.

माझे मत तू विचारलेले नाहीस, तरी देते. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी तू श्वास फार लवकर घेतेस. शब्दोच्चार स्वच्छ आहेत, ते शाळेचे श्रेय. मेंडोलिन जरा कमी चालले असते. बाकी, मी गेली चाळीस वर्षे गाणे शिकवीत आणि ऐकत आले आहे, आणि काल मला पाणी मागावे लागले.

आता काम. सगळे पांगल्यावर धुरपदाबाई नवे लुगडे सावरीत दाराशी थांबली आणि म्हणाली, “लय चांगलं झालं बाई. आता त्या बाकीच्या पोरींचं काय करताव?” मी म्हटले, कोणत्या? तर म्हणाली, “वळीत दैवशाला एकलीच व्हती काय? गोजर व्हती, मुंजाजीची तानू व्हती. तुमी सांगितल्यावर त्या बी तोंडच हलवायच्या. दरसाली नव्या यायच्या.”

सव्वीस वर्षे, दैवशाला. प्रत्येक वर्षी पाच धरल्या तरी हिशेब माझ्याने पुढे होत नाही. त्यांतल्या कोणाला रेडिओवर बोलायला मिळाले नाही, म्हणून मला कळले नाही. काही जणी आता लेकरांनाही गाऊन निजवीत नसतील, कारण आपल्याला गळा नाही असे एका शिकलेल्या बाईने त्यांना सांगितले होते. ती बाई अजून जिवंत आहे आणि तिला पत्रे लिहिता येतात.

तेव्हा तुझ्या शेजारी, पुढेमागे, तुझ्या आधीच्या आणि नंतरच्या वर्गातल्या ज्या ज्या मुली नुसते ओठ हलवायच्या, त्यांची नावे आठवून लिही. माहेरची, सासरची, गावे, जे आठवेल ते. अर्धवट आठवले तरी चालेल, मी तालुक्याला विचारून पत्ता काढीन. धुरपदाबाईला दोन आठवतात. मला एकही आठवत नाही.

शूटिंगची सबब चालणार नाही. यादी १५ मार्चच्या आत, लेखी, माझ्या हाती पडली पाहिजे.

तुझी
पार्वतीबाई